स्वित्झर्लंडला निघालात तर खिचडीची पाकिटं जरा कमीच घ्या

भूम, वाशी, बीडकडून टूरवाल्यांबरोबर युरोपला जाणारी मंडळी आता दर उन्हाळ्यात दिसतात. परत आली की बर्फाचं, रेल्वेचं भरभरून सांगतात. जेवणाचं विचारलं की, "काही त्रास नाही, पोळी-भाजी, वरण-भात सगळं आपलंच होतं," एवढ्यावर विषय संपतो. मला याचं फार वाईट वाटतं. तो देश दुधावर उभा राहिलाय आणि आपण तर दुधातली माणसं.

माझ्या सासरी खव्याची भट्टी आहे. बालाघाटाच्या माळावर पाऊस बेभरवशाचा, मोठा बाजार लांब, पण दूध तर रोज निघणारच. ते नासायच्या आत आटवलं की खवा होऊन लांबपर्यंत जातं. आल्प्सच्या डोंगरातल्या गवळ्यांपुढेही हाच पेच होता. उन्हाळाभर जनावरं वर चरायला, गाव खाली, आणि हिवाळ्यात सगळं बर्फाखाली. त्यांनी दुधाचं चीज केलं. तिथलं जुनं खाणं बघताना हे ध्यानात ठेवलं की ताटातल्या प्रत्येक गोष्टीचं कारण कळत जातं.

भाची बर्नला नोकरीला आहे. तिनं आम्हाला ग्रुयेरजवळच्या प्रँजी गावातल्या चीजच्या कारखान्यात नेलं. काचेमागून सगळं दिसतं. तांब्याच्या मोठाल्या हंड्यांत कच्चं दूध, त्यात फिरणारे दांडे, मग साच्यात दाबलेलं चीज. ग्रुयेर चीजच्या पस्तीसेक किलोच्या एका चाकाला, म्हणजे गोल ढेपेला, साधारण ४०० लिटर दूध लागतं, म्हणजे किलोला साडेअकरा लिटरच्या आसपास. आमच्याकडे पाचेक लिटरला किलोभर खवा पडतो. शिवाय ते चाक निदान पाच महिने तळघरात फळीवर पिकवायचं. या चीजसाठी दूध देणाऱ्या गाईंना मुरघास, म्हणजे हवाबंद ठेवून आंबवलेला हिरवा चारा, घालायला बंदी आहे, हे ऐकून तर मी थांबलेच. मुरघासातून जंतूंचे बीजाणू दुधात येतात आणि महिन्यांनी चीज आतून फुगून फाटतं. आपल्याकडे मुरघासाच्या बॅगा भरायची घाई चाललीय. खव्याला त्यानं काही होत नाही, पण चारा थेट चवीपर्यंत पोचतो हे तिथं डोळ्यांनी दिसलं.

आता माळकरी मंडळींसाठी. ग्रुयेर, एमेंटाल यांसारखी जुन्या पद्धतीची चीजं विरजायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. आमचे मालक माळकरी, ते चीजला शिवले नाहीत. मी खाल्लं. ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच विचारावं, पाकिटावर पिवळ्या गोलातली हिरव्या पानाची व्ही-लेबलची खूण बघावी. झुरिकमध्ये हिल्टल नावाचं शाकाहारी हॉटेल १८९८ पासून चालू आहे, तिथं तर निश्चिंत बसावं.

फोंड्यू मी पहिल्यांदा भाचीच्या घरी खाल्लं. मातीच्या जाड भांड्याला आतून लसूण घासायचा. अर्धं ग्रुयेर आणि अर्धं व्हाश्रँ नावाचं चीज किसून पांढऱ्या वाइनमध्ये मंद आचेवर वितळवायचं, जरा कॉर्नफ्लोअर लावायचं. वाइनच्या आंबटपणामुळे चीजच्या गुठळ्या होत नाहीत. शेवटी थोडी चेरीची दारू, किर्श. वाइन सगळीच काही उडून जात नाही, म्हणून दारू वर्ज्य असेल तर फोंड्यू नको. पावाचा तुकडा लांब काट्याला टोचून तळापर्यंत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, म्हणजे खाली लागत नाही. तरी शेवटी तळाला खरपूस पापुद्रा धरतोच. तो खरवडून सगळ्यांत वाटतात. खव्याच्या कढईच्या खरवडीवर वाढलेल्या माणसाला तो घास वेगळा समजावून सांगावा लागत नाही. सोबत पांढरी वाइन नाहीतर गरम काळा चहा घेतात, गार पाणी टाळतात.

फोंड्यू देशभर पोचवलं ते तिथल्या चीज युनियननं. १९१४ साली निघालेल्या या संस्थेनं १९३० च्या दशकात चीजचा खप वाढावा म्हणून फोंड्यूचा राष्ट्रीय पदार्थ म्हणून जोरात प्रचार केला. आपल्या खव्यामागे, कुंथलगिरीच्या पेढ्यामागे असं कुणी उभं राहिलं असतं तर, हा विचार मनातून जात नाही.

राक्लेट हा व्हॅले नावाच्या भागातला पदार्थ. चीजच्या अर्ध्या चाकाची कापलेली बाजू विस्तवासमोर धरायची, वितळलेला थर सालासकट उकडलेल्या बटाट्यावर खरवडायचा. बाजूला व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बारक्या काकड्या आणि छोटे कांदे. मला हे फोंड्यूपेक्षाही आवडलं.

मालकांचं पोट रोश्टीनं भरलं. बर्नकडच्या शेतकऱ्यांची ही सकाळची न्याहारी. आदल्या दिवशी उकडून ठेवलेले बटाटे किसायचे, लोण्यावर थापून दोन्हीकडून लाल करायचे. पुष्कळदा त्यात डुकराचं मांस किंवा चरबी असते. "ओने श्पेक", म्हणजे डुकराच्या मांसाशिवाय, असं म्हणा आणि लोण्यावरच करायला सांगा. त्यांना म्युस्ली, म्हणजे ओट आणि फळांची न्याहारी, तीही आवडली. १९०० च्या सुमारास झुरिकच्या डॉक्टर बिर्शर-बेनर यांनी ती आपल्या रुग्णांसाठी बनवली. त्यात ओटपेक्षा किसलेलं सफरचंद जास्त असायचं.

पिण्यात रिव्हेला चुकवू नका. चीज करताना निथळलेल्या पाण्यापासून बनवलेलं, १९५२ पासून मिळणारं, सोनेरी रंगाचं बुडबुड्यांचं सरबत. त्यात दूध आहे हे चवीवरून ओळखूच येत नाही. आणि पाणी! हॉटेलात नळाच्या पाण्याचेही काही ठिकाणी पैसे लावतात, पण बर्न आणि झुरिकच्या रस्त्यांवरच्या कारंज्यांचं पाणी पिण्याजोगं आणि फुकट असतं, पाटी लावून मनाई केलेली नसली म्हणजे झालं. टँकरची वाट बघितलेल्या आम्ही दोघांनी त्या दगडी कुंडाशी बाटली भरताना बराच वेळ नुसतं पाणी वाहताना बघितलं.

चॉकलेट सगळेच आणतात, तेव्हा एकच सांगते. दुधाचं चॉकलेट व्हवे गावात दानिएल पेटर यांनी १८७५ साली केलं. अडचण होती दुधातल्या पाण्याची, ते कोकोच्या तुपकटपणाशी जमेना. शेवटी आटवलेल्या दुधानं काम झालं. विमानतळापेक्षा मिग्रोस किंवा कूपच्या साध्या दुकानातून घ्या, स्वस्त पडतं. चीज घेणार असाल तर काउंटरवर पिकलेल्या ग्रुयेरचा तुकडा कापून घ्या आणि हवाबंद पॅक करून मागा. कडक असल्यामुळे प्रवासात टिकतं. घरी गरम भाकरीवर किसून बघा.