पाण्याच्या गॅसवर वेल्डिंग : हुपरीला चालेल, गेट बनवायला नाही

कोल्हापूरच्या उद्यमनगरात हल्ली कोण ना कोण विचारतंच, ते पाण्यावर चालणारं, म्हणजे विजेनं पाणी फोडून त्याचा गॅस जाळणारं वेल्डिंग मशीन घेऊ का म्हणून. माझं म्हणणं, आधी काम काय करणार ते सांगा.

हुपरीत चांदीचं काम असेल, पैंजणाच्या कड्या जोडायच्या असतील तर जरूर घ्या. सुईएवढ्या नोझलमधून बारीक ज्योत येते, पाहिजे तिथंच ताव लागतो, शेजारची कडी वितळत नाही आणि गॅसमध्ये कार्बनच नाही म्हटल्यावर काजळीपण नाही. ज्योत २८०० डिग्रीच्या आसपास जाते आणि चांदी ९६२ लाच वितळते, त्यामुळं डाख द्यायला ताकद कमी पडत नाही.

पण गेट, ट्रॉली, जाड प्लेट यासाठी नको. पाणी फोडल्यावर हायड्रोजन दोन भाग नि ऑक्सिजन एक भाग असाच गॅस मिळतो, अॅसिटिलीनच्या वेल्डिंगला कसं कॉकनं दोन गॅसचं प्रमाण कमीजास्त करता येतं तसं इथं नाही, आणि छोट्या मशीनचा गॅस जाड लोखंड तापवायला पुरतच नाही.

दुसरं म्हणजे पाणी फुकट म्हणून गॅस फुकट, हे डोक्यातनं काढा. एक लिटर पाण्यातनं १८०० लिटरच्या वर गॅस निघतो खरा, पण त्याला कमीत कमी साडेचार युनिट वीज लागते, प्रत्यक्षात त्याहून जास्तच. जळून मिळते ती त्याच विजेतली ऊर्जा. फायदा एवढाच की सिलेंडर आणायचा, साठवायचा ताप नाही.

आता खरं काळजीचं. यात दोन्ही गॅस आधीच मिसळलेले असतात, ज्योत मागं सरकली की थेट मशीनमध्ये शिरते, म्हणून मधे बबलर (गॅस पाण्यातनं बुडबुडे होऊन जातो ती बाटली) आणि फ्लॅशबॅक अरेस्टर (मागं येणारी ज्योत अडवणारा भाग) लागतोच लागतो. पोरं व्हिडिओ बघून डब्यात स्टीलच्या प्लेटा नि मीठ घालून प्रयोग करतात, लई भीती वाटते हो, मिठानं तर क्लोरीनसारखा विषारी गॅसपण येतो. मशीनमध्ये पाण्यातनं वीज नीट जावी म्हणून कॉस्टिक पोटॅश हा जळजळीत क्षार असतो, तो संपत नाही, वर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालायचं, पण हा क्षार हातावर, डोळ्यात उडू देऊ नका. आणि हा गॅस ट्यूबमध्ये, फुग्यात, टाकीत कशातच भरून ठेवायचा नाही, जेवढा लागेल तेवढाच बनवायचा नि लगेच जाळायचा.

ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. कारखान्यात कामगार नवा असेल तर हे त्याला पहिल्या दिवशीच दाखवून द्या आणि रोज सकाळी मशीन चालू करायच्या आधी बबलरमधलं पाणी बघायची सवय लावा.