तुम्ही विचारलंत म्हणून: मशीन सरळ कापतं, मग फळी वाकडी का?

"मशीन सरळ कापतं म्हणता, मग फळी वाकडी कशी झाली?" माझ्या लहान फिरत्या सॉ मिलवर, म्हणजे ओंडक्याच्या फळ्या कापणाऱ्या मशीनवर, ओंडका घेऊन येणारे हे विचारतात. फळ्या नेऊन दोन महिन्यांनी परत येणारे सुतार विचारतात. स्वतः असं मशीन घेतलेले तर पहिल्याच आठवड्यात विचारतात. प्रश्नाच्या पोटात एक आरोपही असतो, की मोठ्या करवतीवर कापलं असतं तर असं झालं नसतं. आजवर मी तुकड्यातुकड्यांनी उत्तरं दिली. कधी ब्लेडचं नाव घेतलं, कधी लाकडाचं, कधी वाळवणीचं. तिन्ही उत्तरं खरी होती, पण प्रत्येकातून दोन कारणं सुटत होती. आता सगळं एकत्र सांगतो.

आधी ब्लेड, कारण तो दोष कापणाऱ्याचा असतो आणि तो झटकून चालणार नाही. फळी वाकडी दिसली की लोक फळी डोळ्यासमोर धरून बघतात. त्यातून काही कळत नाही. ओंडक्यावर कापलेला जो भाग उघडा राहतो, त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणा. दोरीखाली लाकूड दोन-तीन ठिकाणी वर-खाली होत असेल, त्यातही गाठींच्या आसपास, तर ब्लेड भरकटलं आहे. टोकापासून टोकापर्यंत एकच सलग कमान असेल, तर बहुतेक वेळा लाकडातला ताण. बहुतेक म्हणतो, कारण ब्लेडचा सांगाडा ज्यांवरून सरकतो ते मशीनचे रूळ मध्ये खचले असतील तरीही एकच बाक येतो. पण तो प्रत्येक ओंडक्यात तितकाच आणि त्याच बाजूला येतो. ताणाचा बाक ओंडक्यागणिक बदलतो.

लहान मशीनचं ब्लेड म्हणजे दोन चाकांवर फिरणारा, सव्वा इंच रुंद आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड पोलादी पट्टा. सर्वसाधारण मांडणीत त्याचा एक दात डावीकडे, एक उजवीकडे आणि एक सरळ असतो. बाजूचे दात सुमारे अर्धा मिलिमीटर बाहेर काढलेले असतात. एका बाजूचे दात जास्त बाहेर आले, किंवा एका बाजूची धार एखाद्या खिळ्यावर गेली, की ब्लेड जास्त कापणाऱ्या बाजूकडे ओढलं जातं. मग कितीही हळू ढकला, ते ऐकत नाही. ओंडका चिखलातून ओढत आणला असेल तर सालीत अडकलेली वाळू पहिल्या दोन कापांतच धार खाते. म्हणून ब्लेड जिथून आत शिरणार तिथली चार बोटं साल आधी काढायची. हे सांगितलं की लोकांना वेळकाढूपणा वाटतो.

ब्लेडला आधार देणाऱ्या दोन गाइड रोलरपैकी एक सरकतो. तो ओंडक्याच्या एक इंच जवळ आणला पाहिजे. ओंडका बारा इंची आणि रोलर चोवीस इंचांवर उघडे ठेवले, तर मधलं ब्लेड मोकळं झुलतं, गाठ आली की वर चढतं आणि गाठ संपली की खाली येतं. रोलरनी ब्लेडला चाकांच्या रेषेपासून पाव इंच खाली दाबलेलं असावं. ब्लेड तापलं की लांबतं आणि ढिलं पडतं, म्हणून दर दोन-तीन कापांनंतर ताण बघायचा. डिंक आणि ओला भुसा ब्लेडला चिकटू नये म्हणून पाण्यात थोडा साबण घालून थेंबथेंब सोडायचं. स्वच्छ लाकडातही प्रत्यक्ष कापण्याचे दीड-दोन तास झाले की ब्लेड उतरवायचं. "एवढा एक ओंडका होऊ दे" म्हणून चालवलेल्या बोथट ब्लेडने माझ्याही फळ्या लाटांसारख्या काढल्या आहेत. त्या फळ्यांबद्दल मी भांडत नाही.

धार लावताना फक्त दाताचं टोक घासणं पुरत नाही, दोन दातांमधली पूर्ण खोबण घासायला हवी. चार मीटर लांबीचं ब्लेड मिनिटाला सुमारे १५०० मीटर धावतं, म्हणजे जवळजवळ ३७५ फेऱ्या. प्रत्येक फेरीत ते दोन चाकांवर वाकतं आणि सरळ होतं. इतक्या वाकण्याने खोबणीच्या तळाशी सूक्ष्म चिरा पडतात. त्या घासून काढल्या नाहीत तर धार शाबूत असतानाच ब्लेड तुटतं. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये बँडसॉचं, म्हणजे अशा पट्ट्याच्या करवतीचं, पेटंट घेतलं, तरी पुढची कित्येक वर्षं ही करवत फारशी चालली नाही, ती याच वाकण्यापायी. पट्टा जोडलेला सांधा टिकत नव्हता.

हे सगळं नीट असूनही फळी वाकते. आणि इथे मला त्या एका ओंडक्याबद्दल सांगावंच लागेल.

रुंद पानांच्या झाडाचा, दहा फूट लांब, बुंध्याकडे अठरा इंच आणि शेंड्याकडे पंधरा इंच. झाड उतारावर कललेलं होतं. ओंडक्याच्या तोंडावर, म्हणजे कापलेल्या टोकावर, सगळं लिहिलेलं होतं: खोडाचं केंद्र एका बाजूपासून सहा इंचांवर आणि दुसऱ्या बाजूपासून बारा इंचांवर. एकीकडे वर्तुळं दाटीवाटीने, दुसरीकडे ऐसपैस. कललेलं झाड स्वतःला सावरायला एका अंगाला वेगळं लाकूड घालतं. रुंद पानांच्या झाडात ते बहुधा वरच्या अंगाला असतं आणि ते खोडाला ओढून धरतं. सूचिपर्णी झाडात ते खालच्या अंगाला असतं आणि ढकलून धरतं. रुंद पानांच्या झाडातलं असं लाकूड कापल्यावर पृष्ठभाग लोकरीसारखा तंतुमय दिसतो, रंधा मारला तरी गुळगुळीत होत नाही. नेहमीचं लाकूड वाळताना लांबीत हजारात एक-दोन भाग आकसतं, हे त्याच्या कितीतरी पट.

मागणी होती रुंद फळ्यांची, लवकर. म्हणून ओंडका न फिरवता वरून खाली सलग कापायचं ठरलं. वरची साल-फळी काढली. पहिली फळी सुटताच तिची दोन्ही टोकं वर उचलली गेली. दुसरी मोजमापावर २८ मिलिमीटरची लावली होती. उतरवून मोजली तर टोकांना २८ आणि मध्ये ३६. ब्लेड बदललं, नवं लावलं. तिसरीही तशीच. रुळांवर दोरी ताणली, रूळ सरळ. मग खाली वाकून बघितलं तेव्हा मधल्या आडव्या पट्टीवरून ओंडका सुटलेला होता, त्याच्याखालून सुताराची पेन्सिल आरपार जात होती. कारण समोर होतं. तरी आणखी चार फळ्या कापल्या गेल्या, कारण ब्लेड नवं होतं आणि लाकूड "बसेल" असं मला वाटत होतं.

लाकूड बसत नाही. उभ्या झाडात बाहेरचं लाकूड लांबीच्या दिशेने ताणलेलं असतं आणि आतलं दाबलेलं. दोघं एकमेकांना धरून असतात म्हणून खोड सरळ असतं. वरची फळी सुटली की तिची सालीकडची बाजू आखडते, आतली बाजू पसरते आणि टोकं वर येतात. खाली उरलेल्या ओंडक्यात उलट होतं. आता त्याच्या वरच्या अंगाला दाबलेलं लाकूड मोकळं झालं, ते लांबायला बघतं. खालचं अजून ताणलेलं आहे, ते आखडायला बघतं. ओंडका मध्ये उचलला जातो. मशीनची मोजपट्टी ब्लेडचं अंतर खालच्या पलंगापासून, म्हणजे ओंडका ज्यावर ठेवतात त्या चौकटीपासून, मोजते, लाकडाच्या वरच्या पृष्ठभागापासून नाही. ब्लेड सरळच गेलं आणि फळी मध्ये जाड निघाली. म्हणजे मशीन सरळ कापतं, हे त्या दिवशी अक्षरशः खरं होतं, आणि फळ्या तरीही गेल्या.

दुसरी चूक त्याहून मोठी होती आणि ती पहिल्या कापाच्या आधीच झाली होती. ओंडका पलंगावर ठेवताना त्याचा बाक बाजूला आला होता, म्हणजे ओढणारं लाकूड प्रत्येक फळीच्या एकाच कडेला गेलं. अशी फळी तलवारीसारखी बाजूला वाकते, आणि तो बाक कड कापल्याशिवाय जात नाही. बाक वर किंवा खाली ठेवला असता तर फळ्या धनुष्यासारख्या वाकल्या असत्या. तो बाक थप्पीत वजन ठेवून बराचसा बसवता येतो. अकरा फळ्यांपैकी तीन पूर्ण लांबीच्या कामाला आल्या. बाकीच्यांचे तीन-चार फुटी तुकडे करावे लागले, कारण तुकडा आखूड केला की त्यातला बाकही कमी होतो.

करायचं काय होतं ते आता सांगता येतं. दुसऱ्या फळीनंतर थांबायचं. ओंडका उलटा करायचा, समोरच्या बाजूने साल-फळी आणि एक फळी काढायची, पुन्हा उलटायचा. दोन्ही बाजूंचा ताण सारखा कमी होत गेला की मधला भाग शेवटपर्यंत बराचसा सरळ राहतो. उलटल्यावर कमान दिसली तर आधी एक पातळ काप घेऊन पृष्ठभाग सरळ करायचा, मगच फळीची जाडी लावायची. त्यात लाकूड वाया जातं आणि ते मालकाला आधी सांगावं लागतं. केंद्राभोवतीचा भाग फळ्या न करता चौकोनी तुळईसारखा ठेवायचा. बुंधा आणि शेंडा यांच्या जाडीत फरक असेल तर शेंडा उचलून केंद्र पलंगाला समांतर करायचं, आणि पहिली सपाट बाजू झाली की दुसरी गुण्याने, म्हणजे काटकोन बघायच्या हत्याराने, तपासायची.

यानंतर काही काळ मी प्रत्येक ओंडका प्रत्येक फळीला उलटत होतो. तेही चुकीचंच होतं. सरळ वाढलेल्या, केंद्र मधोमध असलेल्या ओंडक्याला त्याची गरज नसते. हाताने फिरवण्यात आणि पुन्हा गुण्यात आणण्यात वेळ दुप्पट जातो, आणि प्रत्येक फिरवणीत थोडी चूक शिरते. त्याआधी कललेल्या झाडाचं लाकूड घ्यायचंच नाही असं ठासून सांगत होतो. ते सोपं होतं, पण वाऱ्याने पाडलेली, घरावर कललेली म्हणून तोडलेली झाडंच या लहान मशीनवर जास्त येतात. मशीन झाडापाशी नेता येतं हाच तर त्याचा उपयोग.

आता सुतारांच्या तक्रारीबद्दल: "नेली तेव्हा सरळ होती." खरं आहे, होती. ओल्या लाकडातलं पाणी आधी पेशींच्या पोकळ्यांतून जातं आणि तोवर लाकूड फारसं आकसत नाही. ओलावा साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या खाली आला की पेशींच्या भिंतींतलं पाणी जायला लागतं आणि आकसणं सुरू होतं. म्हणून पहिले काही आठवडे फळी सरळ दिसते. वर्तुळांच्या दिशेने लाकूड केंद्राकडच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसतं, त्यामुळे वर्तुळांना स्पर्शून कापलेली फळी सालीच्या बाजूला पन्हळीसारखी खोलगट होते. आठ इंच रुंदीतून पाव इंच सहज जातो. एक इंचाची वाळलेली, रंधलेली फळी हवी असेल तर ओली सव्वा इंचाच्या आसपास कापावी लागते, आणि तरी लोक विचारतात जाड का कापली.

ओल्या फळ्या नेऊन भिंतीला टेकवून ठेवल्या, तर कोणतंही मशीन त्यांना वाचवू शकत नाही. कापल्या त्याच दिवशी दोन्ही तोंडांना मेण किंवा जाड रंग लावायचा, नाहीतर तोंडं आधी वाळतात आणि चिरतात. जमिनीपासून फूटभर उंच सपाट आधार. दर दोन थरांमध्ये एक इंची चौकोनी, कोरड्या पट्ट्या, दर दीड फुटावर, आणि सगळ्या थरांतल्या पट्ट्या एकावर एक ओळंब्यात. एक पट्टी चार इंच सरकली की तिथून फळी झोळ घेते आणि तशीच वाळते. वर वजन, वर छप्पर, बाजू उघड्या. इंचभर जाडीला एक वर्ष हा अंदाज धरा, जाडी वाढली की त्याहून जास्त. पांढऱ्या बाहेरच्या लाकडाला भुसा पाडणारी कीड लागते, त्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण ओलं असतानाच मारावं.

पिळाचं मात्र माझ्याकडे उत्तर नाही. काही झाडांच्या रेषाच खोडाभोवती गुंडाळलेल्या असतात. साल काढल्यावर वाळताना पडलेल्या चिरा तिरक्या दिसल्या तर तसं समजा. त्या ओंडक्याची फळी कशीही कापा, चारपैकी एक कोपरा वर येणारच.

आणि कललेल्या ओंडक्याचाही निकाल लागलेला नाही. काही जण सांगतात, त्याच्या दोन-अडीच इंची जाड फळ्या काढा, वर्षभर वाळवा आणि मग पुन्हा चिरा. त्यात एक काप जास्त जातो, वाळलेलं लाकूड ब्लेडला जास्त खातं, आणि चिरताना आत अडकलेला ताण पुन्हा सुटतो. कधी या पद्धतीने फळ्या सरळ निघाल्या, कधी ताज्या कापलेल्याच चांगल्या राहिल्या. कोणती कधी, ते झाडाची जात आणि कल बघून सांगता यावं असं मला वाटतं, अजून सांगता येत नाही. तोवर असा ओंडका आणलात तर मी आधी दोन्ही तोंडं धुऊन घेईन, केंद्र कडेपासून किती इंचांवर आहे ते चारही बाजूंनी मोजेन, बाक वर ठेवेन, आणि दुसरी फळी उतरेपर्यंत किती फळ्या मिळतील ते सांगणार नाही.