तुम्ही विचारलंत म्हणून : पायलटला गणित किती लागतं?

गेल्या रविवारी यावलकडचे एक काका पोरीला घेऊन क्लासवर आले. केळीची बाग आहे, पोरगी बारावी झालेली. बसल्या बसल्या म्हणाले, सर गणितात ५४ पडलेत हिला, पायलटचं जमेल का, आणि आता तर म्हणे सगळं जीपीएसच करतं, मग गणित पाहिजेच कशाला? मी जळगावात पायलटच्या परीक्षेचं नेव्हिगेशन शिकवतो त्यामुळे हे दोन्ही प्रश्न मला जवळपास दर आठवड्याला येतात, फोनवर पाच मिनिटांत सांगून समाधान होत नाही ना माझं ना विचारणाऱ्याचं, म्हणून एकदा सविस्तर लिहून काढतोय.

गणित दहावीचंच आहे. गुणाकार, भागाकार, कोन, थोडी साइन-कोसाइन, एवढंच. अवघड आहे ते हे की हातात विमान असताना, कानात रेडिओ चालू असताना, कागदाशिवाय ते करायचं असतं. आणि का करायचं, तर आकडा मशीन काढून देतं, पण तो आकडा पटण्यासारखा आहे की नाही हे मशीनला कळत नाही. ते तुम्हालाच कळावं लागतं. माझं सगळं शिकवणं या एका गोष्टीसाठी आहे.

सुरुवात मी तापीपासून करतो. आमचं गाव शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर. लहानपणी आप्पा, म्हणजे माझे आजोबा, नावेतून पलीकडे न्यायचे तेव्हा नावेचं तोंड समोरच्या घाटाकडे कधीच नसायचं, बरंच वर, धारेच्या उलट्या अंगाला असायचं, आणि तरी नाव बरोबर घाटालाच लागायची. मी विचारलं तर म्हणाले, "धार काय म्हनस ते आधी देख." विमानात धारेच्या जागी वारा आहे. नाक जिकडे आहे ते हेडिंग, जमिनीवर तुम्ही प्रत्यक्ष जिकडे सरकताय तो ट्रॅक, आणि या दोघांमधला कोन म्हणजे ड्रिफ्ट. याला विंड ट्रँगल म्हणतात, पण आप्पा नावेत बसून तेच करत होते.

आता आपल्याच भागातलं उदाहरण घ्या. जळगावचा रनवे ०९-२७, म्हणजे पूर्व-पश्चिम. इथून उडालात आणि धुळ्याला निघालात तर ट्रॅक जवळपास सरळ पश्चिमेला, २७० धरा (दिशा उत्तरेपासून अंशांत मोजतात, पूर्व ९०, पश्चिम २७०), अंतर साधारण ४८ नॉटिकल मैल. छोटं ट्रेनिंगचं विमान, हवेतला स्पीड १०० नॉट, म्हणजे तासाला १०० नॉटिकल मैल. वारा नसेल तर २९ मिनिटं. पण समजा वारा २४० वरून २० नॉटनी येतोय, म्हणजे समोरून, पण ३० अंश डावीकडून. ३० ची साइन अर्धी, म्हणून आडवा वारा १० नॉट. कोसाइन ०.८७, म्हणून समोरचा वारा १७. आडव्या वाऱ्याला ६० ने गुणा, आपल्या स्पीडने भागा, ड्रिफ्ट आला ६ अंश, म्हणजे नाक २६४ वर धरायचं. जमिनीवरचा स्पीड उरला ८२ आणि वेळ झाली ३५ मिनिटं. नाक २७० वरच ठेवलं असतं तर धुळं डाव्या हाताला दहा-अकरा किलोमीटर राहून गेलं असतं.

परत येताना तोच वारा मागून, स्पीड ११७, वेळ २५ मिनिटं. इथे पोरं हमखास म्हणतात की जाताना गेलं ते येताना मिळालं, हिशोब बरोबर. नाही मिळालं. ३५ आणि २५ मिळून ६० झाले, वारा नसता तर ५८ लागले असते. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता आणि मागच्या वाऱ्यात कमी, म्हणून येण्याजाण्याच्या फेरीत हा वारा शेवटी तुमचा वेळ खातोच. आणि विमानात वेळ म्हणजे पेट्रोल. हे ज्याला समजलं त्याला पेट्रोलचा हिशोब वेगळा शिकवावा लागत नाही.

आता तो ६० कुठून आला? मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही. साठ मैल त्रिज्येचं वर्तुळ काढा. परीघ येतो साधारण ३७७ मैल. त्याचे ३६० भाग करा, एका अंशाला एक मैल आणि वर थोडंसं. म्हणजे साठ मैलांवर एक अंश चुकलात तर एक मैल बाजूला. बस. याला वन इन सिक्स्टी म्हणतात. मी फळ्यावर हे करतो तेव्हा पाठांतराने आलेली पोरंसुद्धा पुढे सरकून बसतात.

वापर असा. जळगावपासून २८ मैलांवर पारोळा आहे, मघाच्या स्पीडने ते २१ व्या मिनिटाला खाली यायला हवं. तुम्ही घड्याळ बघून खाली पाहिलं तर पारोळ्याचा किल्ला दोन मैल डावीकडे दिसतोय. म्हणजे दोन मैल उजवीकडे सरकलात. दोन गुणिले साठ भागिले अठ्ठावीस, साधारण ४ अंश चूक झालीये. धुळ्याला अजून २० मैल, दोन गुणिले साठ भागिले वीस, ६ अंश. ४ ने बाजूला सरकणं थांबतं, ६ ने परत धुळ्याकडे वळता, दोन्ही मिळून १० अंश डावीकडे वळा, धुळं समोर येईल. ना पेन ना कॅल्क्युलेटर.

नॉटिकल मैल का, किलोमीटर का नाही, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १८५२ मीटर. जळगाव साधारण २१ अंश उत्तरेला, म्हणजे विषुववृत्त इथून २१ गुणिले ६०, १२६० मैल. नकाशाच्या बाजूची अक्षांशाची पट्टीच तुमची फूटपट्टी होते.

आणि ही साइन काही परकी नाही हो. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटणला शिलालेख आहे, भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा, तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास सिद्धांतशिरोमणीत 'ज्या', म्हणजे आपली साइनच, काढायच्या रीती दिल्यात, दोन कोनांच्या बेरजेची ज्या सुद्धा. ती ज्याच अरबीतून लॅटिनमध्ये जाऊन साइन झाली. पाटणादेवीला दर्शनाला आपण सगळे जातो, एकदा तो शिलालेख बघूनही या, मी दरवर्षी बॅचला सांगतो.

गणित फक्त दिशेचं नाही, उन्हाचंही आहे. मे महिन्यात जळगावात ४५ डिग्री असतं तेव्हा हवा पातळ होते. पुस्तकातली स्टँडर्ड हवा समुद्रसपाटीला १५ डिग्री, दर हजार फुटांना २ ने कमी. जळगाव साधारण ८०० फुटांवर, म्हणजे इथे १३-१४ डिग्री असायला पाहिजेत, आणि आहेत ४५. फरक साधारण ३१ चा, जास्तीच्या दर डिग्रीला विमान १२० फूट आणखी उंचावर असल्यासारखं धरलं तर ३७०० च्या वर, त्यात मूळचे ८०० मिळवा, साडेचार हजार फूट झाले. म्हणजे विमान उभं आहे जळगावात पण इंजिनाला आणि पंखांना वाटतंय की आपण तोरणमाळच्याही वर आहोत. रनवे जास्त लागतो, चढाई मंद होते. म्हणून ट्रेनिंगची विमानं उन्हाळ्यात सकाळी लवकर उडवतात.

उतरायचं गणित सोपं आहे, जितके हजार फूट उतरायचं त्याला तीनने गुणा, तितके मैल आधी सुरुवात करा. ३३ हजारांवरून मुंबईला उतरायचं तर शंभरेक मैल आधी. खान्देशावरून जाणारं विमान नाशिक यायच्या आधीच उतरायला लागतं ते यामुळे.

आता जीपीएसचं, म्हणजे सगळं मशीनच करतं याचं. २०१५ च्या मार्चमध्ये सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एका मोठ्या विमानात, उडण्याआधी, विमान कुठे उभं आहे ते कॉम्प्युटरला हाताने टाकून देताना रेखांश चुकला. टाकायचा होता १५१ अंश ९.८ मिनिटं, पडला १५ अंश १९.८ मिनिटं. कॉम्प्युटरला वाटलं आपण आफ्रिकेच्या टोकाजवळ, केपटाउनच्या पश्चिमेला समुद्रात आहोत, चूक ११ हजार किलोमीटरची. इशारे आले होते पण त्यांचा अर्थ वेळेत लक्षात आला नाही, उडाल्यावर विमान भलतीकडे वळायला लागलं तेव्हा कळलं, आणि शेवटी मेलबर्नला उतरवावं लागलं. कोणाला काही झालं नाही. पण सिडनी १५० च्या पलीकडे आहे हे डोक्यात ताजं असेल ना, तर १५ दिसल्याबरोबर बोट थांबतं. मला पोरांमध्ये ते थांबणारं बोट तयार करायचं असतं.

तर काका, ५४ मार्कांची काळजी करू नका. डीजीसीएच्या, म्हणजे पायलटची परीक्षा घेणाऱ्या सरकारी विमान खात्याच्या, पेपरला ७० टक्के लागतात आणि रोज दोन तास दिले तर ते येतात, ५४ वाल्यांचे आलेले मी पाहिलेत आणि ९० वाल्यांचे अडकलेलेही पाहिलेत. घरी एक करून बघा. पोरीला जेवताना सहज विचारा, जळगाव-धुळे ९५ किलोमीटर, एसटीला अडीच तास लागले तर गाडीचा स्पीड किती. कागद देऊ नका. अडतीस म्हणाली तर छान. "चाळीसच्या जरा आत, थांबा सांगते" असं म्हणाली तर लगेच मला फोन करा, पुढच्या सोमवारपासून बॅच आहे.