बेलवरचं नाव सोडा, टोन होलची कड बघा

पुण्यात जुना सॅक्सोफोन सापडायच्या जागा दोनच: बुधवार-रविवारचा जुना बाजार, नाहीतर एखाद्या बँडवाल्याने मोडीत काढलेलं सामान. बेलवर, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडावर, सिल्व्हरटोन, वुर्लिट्झर किंवा लायन अँड हीली असं काहीतरी कोरलेलं असतं आणि विकणारा त्या नावावर किंमत सांगतो. पण ही नावं वाद्य विकणाऱ्यांची आहेत. सिल्व्हरटोन हा सिअर्स रोबक या अमेरिकन दुकानाचा शिक्का. १९२०च्या दशकात तिकडे सॅक्सोफोनचं वेड पसरलं होतं, तेव्हा एल्कहार्ट गावातले कॉन, ब्यूशर आणि मार्टिन हे कारखाने दुकानदारांना हव्या त्या नावाने माल बनवून देत. अशा वाद्याला स्टेन्सिल म्हणतात. एकाच नावाखाली वेगवेगळ्या कारखान्यांचा मालही निघतो. ‘व्हिटो’ घ्या: काही फ्रान्सच्या बोनिएचे, काही जपानच्या यानागिसावाचे, काही यामाहाचे. ‘सेल्मर न्यूयॉर्क’ दिसलं की आपल्याकडे लगेच पॅरिसच्या सेल्मरचा भाव सांगतात, पण जुनी ‘सेल्मर न्यूयॉर्क’ वाद्यं अमेरिकन कारखान्यांतच बनलेली आहेत.

मग ओळखायचं कशावरून? टोन होलवरून, म्हणजे नळीवरच्या सुरांच्या भोकांवरून. खालच्या सी किंवा ई-फ्लॅटचं मोठं होल निवडा, पॅड (होल झाकणारी गादी) उचलून धरा आणि कडेवरून नख फिरवा.

कड बाहेरच्या बाजूला गोल वळवलेली, पातेल्याच्या काठासारखी लागली तर पहिला संशय कॉनवर. पण इथेच लोक फसतात. कॉनने स्वतःच्या नावाच्या वाद्यांना वळवलेली कड दिली. दुसऱ्यांसाठी बनवलेल्या बहुतेक वाद्यांना साधी, सरळ कड आहे. त्यामुळे साधी कड दिसली म्हणून कॉन बाद करू नका. अंगठ्याच्या हुकाजवळ सीरियल नंबरच्या वर ‘पॅटेंटेड डिसेंबर ८, १९१४’ आणि खाली १११९९५४ हा आकडा आहे का ते बघा. हे पेटंट वळवलेल्या कडेचं नाही, होल बॉडीच्याच पत्र्यातून ओढून काढण्याच्या पद्धतीचं आहे, म्हणून कड साधी असलेल्या स्टेन्सिलवरही कॉनने ते ठोकलेलं सापडतं. सीरियल नंबरच्या आधी ‘पी’ असेल तर तो बहुधा पॅन अमेरिकन, म्हणजे कॉनचीच स्वस्त शाखा.

वळलेली कड जर्मन काइलवर्थच्या काही वाद्यांनाही असते, पण तिथे वेगळी रिंग सोल्डर केलेली असते. भिंगातून रिंग आणि नळीमधली बारीक फट दिसते. कॉनची कड अखंड असते.

मार्टिन ओळखायला सर्वांत सोपा. इतर कारखाने होल बॉडीच्याच पत्र्यातून ओढून काढत, त्यामुळे बुडाशी जोड दिसत नाही. मार्टिनची होल्स वेगळी बनवून बॉडीवर सोल्डर केलेली आणि कड बाहेरून तासलेली, म्हणजे वर निमुळती. बुडाशी सोल्डरची रेघ दिसली की बेलवर काहीही कोरलेलं असो, तो बहुधा मार्टिनच. माझ्या मते स्टेन्सिलमध्ये सगळ्यांत जास्त दम मार्टिनमध्येच असतो. दोष एकच: जुनं सोल्डर कुजतं आणि बुडातून हवा गळते. पॅड नवे घातले तरी खालचे सूर दबलेले राहतात, आणि दुरुस्तीवाला पॅडच बदलत बसतो.

होल ओढून काढलेली, कड सरळ आणि कॉनचं पेटंट नाही, तर ब्यूशरचा विचार करा. मात्र ब्यूशरचे बटणाने बसणारे स्नॅप पॅड स्टेन्सिलमध्ये सहसा नसतात, त्यांची वाट बघू नका.

कारखाना कळला तरी पैसे लगेच काढू नका. नंबराखाली ‘एल’ किंवा ‘लो पिच’, म्हणजे आजची पट्टी, हवं. ‘हाय पिच’ म्हणजे ए हा सूर आजच्या ४४० ऐवजी साधारण ४५७ हर्ट्झला; हार्मोनियमच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी सूर लागतो. माउथपीस बाहेर ओढून हे सुटत नाही, कारण होल्सची अंतरंच त्या पट्टीची असतात. असं वाद्य भिंतीवर लावायला घ्या.

दुसरी गफलत सी मेलडीची, म्हणजे सी पट्टीत वाजणाऱ्या सॅक्सोफोनची. तो छोट्या टेनरसारखा (टेनर हा आल्टोपेक्षा मोठा सॅक्सोफोन) दिसतो, आणि कॉनचा सरळ नेकवाला (नेक म्हणजे माउथपीस बसतो ती वरची नळी) तर आल्टो म्हणूनही खपवतात. डाव्या हाताच्या मधल्या बोटाने सी वाजवा. आल्टोवर काळी दोन ऐकू येईल, टेनरवर काळी पाच, सी मेलडीवर पांढरी एक. हार्मोनियमबरोबर वाजवायचं असेल तर तो सोयीचाच, पण आल्टोच्या भावात घेऊ नये.

नेक त्याच वाद्याचा आहे का, हे लॅकरच्या रंगावरून आणि ऑक्टेव्ह की नीट बसते का यावरून कळतं. नेक खाली दबलेला असेल तर वरून बघितल्यावर नळी गोल न राहता लंबगोल दिसते. कोरीव काम पुसट असेल तर बफ मारून पुन्हा लॅकर चढवलेलं आहे, आणि त्या बफने पत्राही पातळ झालेला असतो. वळवलेल्या कडेवर कानस फिरलेली असेल तर ती भरून येत नाही.

गळती बघायला एलईडीची पट्टी आत सोडा आणि वाद्यावर टॉवेल टाका. बाजारातल्या उन्हात काही दिसत नाही. आल्टोला वीस-पंचवीस पॅड असतात, सगळे बदलायचा खर्च किमतीत धरूनच भाव करा.

घरी आणल्यावर खालचा बी आणि बी-फ्लॅट गुरगुरला तर आधी माउथपीस बदलून बघा. जुन्या अमेरिकन वाद्यांना पोटात मोठी, गोल पोकळी असलेला माउथपीस लागतो. आजचे अरुंद पोकळीचे माउथपीस त्यांवर लावले की वरचे सूर चढतात आणि खालचे थरथरतात.