ब्रुसेल्समध्ये म्यूनियेचे कामगार बघायचे असतील तर

ब्रुसेल्समध्ये घोड्यावर बसलेले राजे आणि सरदार भरपूर आहेत. त्यांचे पुतळे जाता-येता दिसतातच. कामगारांचे पुतळे घडवणाऱ्या बेल्जियन शिल्पकार कॉन्स्टांटिन म्यूनियेसाठी मात्र मुद्दाम दिवस काढा.

जन्म १८३१, ब्रुसेल्सच्याच एटरबेक भागातला. शिकला शिल्पकला, पण विशीतच ती सोडून चित्रांकडे वळला. बेल्जियममधल्या लिएज शहराजवळचे पोलाद कारखाने आणि बोरिनाज भागातल्या कोळसाखाणी पाहिल्यानंतर, १८८५च्या सुमारास, म्हणजे पन्नाशी उलटल्यावर त्याने पुन्हा माती हातात घेतली. आज त्याचं नाव आहे ते त्यानंतरच्या वीस वर्षांतल्या कामामुळे.

त्याचा बसलेल्या 'पडलर'चा पुतळा नीट बघा. हा कामगार भट्टीतलं वितळलेलं बीड (कार्बन जास्त असलेलं कच्चं लोखंड) लांब सळीने ढवळायचा. त्यातला कार्बन जळत जातो तसा लोखंडाचा वितळणबिंदू चढतो, लगदा घट्ट होतो आणि ढवळणं जड होत जातं. उघडं तोंड, लोंबलेला हात, खचलेली पाठ हे सगळं त्या पाळीनंतरचं आहे. सगळ्यात जास्त ताकद लागते ती अगदी शेवटी, हे शिल्पकाराला पक्कं कळलेलं होतं.

ब्रुसेल्सच्या इक्सेल भागात अव्हेन्यू लुईझच्या टोकाकडे, र्यू द लाबेईवर त्याचं घर आणि स्टुडिओ होता. तिथे आता संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा मर्यादित असतात, निघण्याआधी बघून घ्या. तिथली प्लास्टरची कामं घाईने ओलांडू नका. आधी मातीत घडवायचं, मग प्लास्टर, त्यावरून ब्राँझचं ओतकाम, असा क्रम असतो. एका प्लास्टरवरून अनेक प्रती ओतता येतात, म्हणून त्याचा बंदरावरचा हमाल वेगवेगळ्या शहरांत भेटतो. अँटवर्पच्या ग्रोटे मार्क्ट या मुख्य चौकाजवळ उभा आहे त्याच्या डोक्यावरून मानेवर उतरलेलं पोतं बघा: ओझ्याने मान सोलू नये म्हणून हमाल ते घ्यायचे.

ब्रुसेल्सच्या उत्तरेकडच्या लाकेन भागात कालव्याकाठी त्याचं 'श्रमाचं स्मारक' आहे. दगडाच्या पृष्ठभागातून उठून आलेली चार मोठी शिल्पं, म्हणजे उठाव (उद्योग, खाण, सुगी, बंदर) आणि सोबत ब्राँझच्या आकृत्या. म्यूनिये १९०५ साली गेला. स्मारक उभं राहिलं १९३० साली, त्यामुळे एकत्र मांडलेलं त्याला बघायला मिळालं नाही. जाताना हवामान बघा. ढगाळ उजेडात उठाव सपाट दिसतात, खांदे आणि अवजारं एकमेकांत मिसळतात. तिरपं ऊन असेल तर प्रत्येक माणूस सुटा होतो. ब्रुसेल्समध्ये असं ऊन पडलं की बाकीचे बेत पुढे ढकला आणि आधी लाकेन गाठा.