फवारणीच्या विमानाची धावपट्टी: चोपडा तालुक्यातील एक सकाळ

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात, कपाशीवर विमानाने औषध फवारण्यासाठी केलेली एक जुनी मुरमाची धावपट्टी गेल्या नोव्हेंबरमध्ये आम्ही पाहून आलो. पट्टीच्या दोन्ही अंगांना ज्यांची शेते आहेत त्यांच्या विनंतीमुळे गावाचे नाव देत नाही; चोपडा–यावल रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर ‘इमानतळ’ कुठे असे विचारावे, वाट सापडते.

जळगावहून विदगावच्या पुलावरून तापी ओलांडून आम्ही उजाडताना पोहोचलो. फवारणीची विमानेही याच वेळी उडत असत, कारण वारा पडलेला असला तरच औषध पिकावर नीट बसते. पट्टी मी पावलांनी मोजली, ती सुमारे ८०० मीटर भरली. एका टोकाला वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी पिशवीचा गंजलेला खांब आहे आणि त्याच्या शेजारी औषध कालवण्याचे दोन सिमेंटचे हौद. त्या हौदांत उतरू नये, तिथली माती हाताळू नये आणि मुलांना तर जवळही जाऊ देऊ नये.

१९७० मध्ये सुरतेहून आलेल्या संकरित कपाशीबरोबर फवाऱ्यांची संख्या वाढली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने खास या कामासाठी ‘बसंत’ हे एकाच वैमानिकाचे विमान बनवले. त्याची ३९ विमाने तयार झाली आणि १९८० मध्ये उत्पादन थांबले. विमानाने एका झेपेत लांबच लांब पट्टा फवारून होतो, पण ते सोयीचे ठरते सलग एकाच पिकाला. इथे कपाशीला लागून केळीची बाग, तिच्या पलीकडे विहीर, मग वस्ती आणि गुरांचा चारा. हवेत सुटलेले औषध बांध ओळखत नाही. पुढे २००२ मध्ये बोंडअळीला तोंड देणारी, जनुकीय बदल केलेली बीटी कपाशी आली आणि बोंडअळीसाठीचे फवारेही काही वर्षे कमी झाले. माझ्या मते या पट्टीचे काम संपले ते विमानांमुळे नव्हे, आजूबाजूच्या शेतीमुळे.

ओसाड म्हणावी तशी ती मात्र नाही. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली या टोकापासून त्या टोकापर्यंत ८०० मीटर धावतात आणि मुले जाऊन परत येऊन १६०० मीटर. चुन्याच्या रेघाही त्यांनीच आखल्या आहेत. ऊन चढले की निम्म्या पट्टीचे खळे होते आणि मका पसरला जातो. “आबा, विमान पाहिले होते का?” असे विचारल्यावर राखणीला बसलेले आजोबा एवढेच म्हणाले, “पाहिले ना, कपडे वाळत घालायची सोय नव्हती त्या दिवशी.” आता याच जागेवर फवारणीचे ड्रोन उडवण्याचा सराव चालतो, आणि वारा पडण्याची वाट त्यांनाही पाहावीच लागते.

जायचे असल्यास नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने बरे. पावसाळ्यात शेवटचा दीड किलोमीटर काळ्या मातीत चाके रुततात (आमची ऑक्टोबरमधली पहिली फेरी अशीच फुकट गेली), तर मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि पट्टीवर सावलीला एक बाभूळ तेवढी आहे. पाणी सोबत न्यावे. छायाचित्रांसाठी ड्रोन नेणाऱ्यांनी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरील नकाशात तो भाग हिरव्या, म्हणजे ड्रोनसाठी मोकळ्या, क्षेत्रात आहे का ते आधी पाहावे. गाडी रस्त्यालाच ठेवावी, आणि खळ्यातून जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर मक्यावरून चपला काढून जावे.