अंक फिरता ठेवायचा: दिवाळी अंक योजनेचा माझा अनुभव

आमचे वाचनालय कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. 'ब' वर्गाचे, म्हणजे फार मोठे नाही. वर्षभर इथे बरेच उपक्रम चालतात, पण एरवी वाचनालयाची पायरी न चढणारी माणसे आत येतात ती दिवाळी अंक योजनेमुळे, म्हणजे एकदाच वर्गणी भरून हंगामभर दिवाळी अंक आळीपाळीने घरी नेऊन वाचायच्या सोयीमुळे. हे काम मी काही हंगाम सांभाळते आहे. खालचे सगळे आकडे साठ सभासद आणि ऐंशी अंक धरून दिले आहेत. तुमच्याकडे सभासद कमीजास्त असतील, तरी हिशेबाची रीत हीच राहील.

तयारीला गणपतीतच लागावे. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत ठराव घ्यायचा: वर्गणी २५० रुपये, नियमित सभासद नसलेल्यांना २०० रुपये अनामत, एका वेळी एक अंक, मुदत चार दिवस, पुढे रोज ५ रुपये विलंब आकार, योजना २८ फेब्रुवारीपर्यंत. हे इतिवृत्तात आकड्यांसकट लिहून घ्यावे. नुसते 'योजना राबवण्याचे ठरले' एवढे लिहिले, तर जानेवारीत एखादा सभासद विलंब आकारावर हरकत घेतो तेव्हा दाखवायला काही नसते. वर्गणी आणि अनामत यांची पावतीपुस्तके वेगळी ठेवावीत. वर्गणी ही जमा, अनामत हे देणे. दोन्ही एकाच खात्यात गेली की ताळेबंदाला घोळ होतो आणि फेब्रुवारीत परत द्यायचे पैसे नोव्हेंबरातच खर्च होऊन बसतात.

पैशांचे गणित असे. अंकांच्या किमती आता साधारण २०० ते ४०० रुपयांच्या घरात असतात. सरासरी २७५ धरली तर ऐंशी अंकांचे २२,००० होतात. एकगठ्ठा खरेदीवर विक्रेता १५ टक्के सवलत देत असेल तर १८,७००. प्लॅस्टिकची आवरणे, दोरा, कार्डे, छपाई यांचे ९०० धरा. साठ सभासदांची वर्गणी येते १५,०००. तूट राहते ४,६०० रुपयांची. शासनाचे अनुदान दोन हप्त्यांत येते. हप्ता दिवाळीआधी हाती पडेल असे धरून योजना आखू नये. आम्ही तूट भरून काढतो ती 'एका अंकाची देणगी' मागून. सतरा जणांनी प्रत्येकी २७५ दिले की काम भागते. देणगीदाराचे नाव त्या अंकाच्या आतल्या पानावर छोट्या चिठ्ठीवर लावायचे. एकदम पाच हजार देणारा एक शोधण्यापेक्षा सतरा जण मिळणे सोपे, आणि त्या सतरा घरांना पुढे वाचनालयाची आठवण राहते.

विक्रेत्याला सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत. एका वर्षी आम्ही तसे दिले. पाच अंक निघालेच नाहीत आणि त्यांच्या बदल्यात आले ते अंक कुणी हातात धरले नाहीत. आता निम्मी रक्कम मागणीसोबत, उरलेली अंक हाती आल्यावर. मागणीपत्रावर 'न आलेल्या अंकाऐवजी दुसरा अंक विचारल्याशिवाय पाठवू नये' हे वाक्य ठळक लिहितो.

आता निवड. ऐंशी वेगवेगळे अंक घ्यायचा मोह टाळावा. ज्या पाच अंकांवर सगळ्यांची उडी पडते त्यांच्या तीन-तीन प्रती, दुसऱ्या फळीतल्या दहांच्या दोन-दोन, आणि बाकी पंचेचाळीस एकेक: पंधरा, वीस आणि पंचेचाळीस मिळून ऐंशी. पहिल्या फळीत कोणते ते आपल्या आवडीवर ठरवू नये. गेल्या वर्षीची कार्डे काढून कोणता अंक किती वेळा गेला ते मोजावे. आमच्याकडे साहित्याचे जाड अंक आणि भविष्याचे अंक बरोबरीने फिरतात, त्यांच्या मागोमाग विनोदी आणि पाककृतींचे. प्रवासावरचे अंक पुरुष वाचक जास्त नेतात हे मला मोजल्यावरच कळले. मुलांचे अंक निदान दहा हवेत. जिल्ह्यातून निघणारे दोन-तीन अंकही आवर्जून घ्यावेत, त्यांत आपल्याच गावचे कुणी लिहिलेले असते.

अंक आला की थेट कपाटात जात नाही. आधी पाने चाळून बघायची. कोरी, दुबार किंवा उलटी लागलेली पाने असली तर आठ दिवसांत प्रत बदलून मिळते, नंतर कुणी दाद देत नाही. मग शिलाई. हल्लीचे जाड अंक नुसत्या डिंकाने चिकटवलेले असतात. दहा-बारा हात फिरले की मधली पाने सुटतात, आणि सुटलेले पान गेले की कथेचा शेवटच जातो. कण्यापासून अर्धा सेंटिमीटर आत दाभणाने तीन भोके पाडून जाड दोऱ्याने टाके घालावेत. अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा आत गेलात तर अंक सपाट उघडत नाही आणि वाचणारा तो दाबून कणा मोडतो. मधोमध पिना मारलेल्या पातळ अंकांच्या पिना काढून दोराच घालावा, आमच्या दमट हवेत पिना गंजतात आणि कागद खातात. प्लॅस्टिकचे आवरण अंक पूर्ण कोरडा असल्याशिवाय चढवू नये. परतीच्या पावसात भिजत आलेल्या गठ्ठ्यावर आम्ही लगेच आवरणे घातली होती, आठवड्याभरात मुखपृष्ठांवर बुरशी आली. आता दोन दिवस पंख्याखाली उभे करून ठेवतो. शिक्का तीन जागी: मुखपृष्ठाच्या आत, अनुक्रमणिकेवर आणि ठरलेल्या एका गुप्त पानावर. नोंद ग्रंथांच्या दाखल नोंदवहीत नाही, दिवाळी अंकांच्या वेगळ्या वहीत: अनुक्रमांक, नाव, किंमत, आल्याची तारीख, देणगीदार.

योजना सुरू करायची घाई करू नये. सगळे अंक लक्ष्मीपूजनाआधी येत नाहीत. काही वसुबारसेच्या आधी येतात, बरेचसे दिवाळीच्या आठवड्यात, आणि थोडे चक्क मार्गशीर्षात. पहिल्या वर्षी अडतीस अंक हाती असताना आम्ही दारे उघडली. साठ माणसे रांगेत. बावीस जण रिकाम्या हाती परत गेले आणि त्यांची नाराजी शेवटपर्यंत पुरली. आता नियम असा, की आलेले अंक सभासदांच्या संख्येपेक्षा निदान पाचने जास्त झाल्याशिवाय वाटप नाही. तोवर प्रदर्शन. पाडवा आणि भाऊबीज असे दोन दिवस टेबलांवर अंक मांडतो, तिथेच बसून चाळायची मुभा देतो. सोबत एक फलक असतो: का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा. मुंबई-पुण्याहून आलेले चाकरमानी याच दोन दिवसांत गावात असतात. 'एका अंकाची देणगी' बहुतेक त्यांच्याकडूनच मिळते, म्हणून प्रदर्शन भाऊबीजेच्या पुढे ढकलू नये.

आता खरा प्रश्न, अंक फिरता ठेवण्याचा. मुदत आठवड्याची ठेवली तर साधारण सोळा आठवड्यांत एक प्रत जास्तीत जास्त सोळा घरी जाते. चार दिवसांची ठेवली तर अठ्ठावीस घरी. तीन प्रती असतील तर साठही सभासदांना तो अंक मिळू शकतो. चार दिवसांत जाड अंक पुरा वाचून होत नाही ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे मागणी नसेल तर आणखी चार दिवस वाढवून देणे, मुदतच वाढवणे नव्हे.

देवघेवीला संगणक वापरायला हरकत नाही, पण संध्याकाळच्या गर्दीत मला कार्डेच भरवशाची वाटतात. प्रत्येक अंकाच्या आत खिशात एक कार्ड. अंक गेला की कार्डावर सभासद क्रमांक लिहून ते परतीच्या तारखेच्या खणात ठेवायचे. रोज बंद करताना आजच्या खणात जी कार्डे उरली तेच थकलेले अंक, शोधावे लागत नाहीत. सभासदाकडे वेगळे कार्ड, त्यावर १ ते ८० आकडे छापलेले. वाचलेल्यावर खूण. 'हा मी नेला होता का?' हा प्रश्न निम्म्याने कमी होतो. मागणीच्या चिठ्ठ्या अंकाच्या कार्डालाच टाचायच्या, आणि राखून ठेवलेला अंक एकच दिवस थांबवायचा. दुसऱ्या संध्याकाळी तो पुढच्या माणसाचा.

विलंब आकाराने अंक परत येत नाहीत, फोनने येतात. पाचव्या दिवशी सकाळी एक फोन, 'काकू, तुमच्याकडच्या अंकाला तिघे थांबलेत' एवढेच. दंडाचा उल्लेखही करू नये. शिवाय रोज साडेचारला सभासदांच्या व्हॉट्सअॅप गटावर कपाटात असलेल्या अंकांचे आकडे टाकतो. वयस्कर वाचकांची फेरी वाचते.

पाने फाडली जातात ती मुख्यतः पाककृतींची आणि राशिभविष्याची. देवघेवीच्या टेबलावर आम्ही पाटी लावली: हव्या त्या पाककृतीचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. फाडणे बरेच थांबले. मुलांच्या अंकांतली कोडी पहिल्याच घरी पेन्सिलने सुटतात. त्या पानाच्या चार झेरॉक्स आधीच काढून आत ठेवाव्यात.

मार्गशीर्षात अंक बऱ्यापैकी फिरलेले असतात, तेव्हा चर्चेचा कार्यक्रम ठेवावा. पाच वाचक, प्रत्येकी आठ मिनिटे, आणि अट अशी की अख्ख्या अंकावर बोलायचे नाही, त्यातल्या एकाच कथेवर, लेखावर किंवा कवितेवर बोलायचे. अख्खा अंक दिला की माणसे अनुक्रमणिका वाचून दाखवतात आणि अर्धा तास जातो. वक्ते सभासदांतूनच निवडावेत. दुकानदार, परिचारिका, निवृत्त शिक्षक, एसटीचे वाहक असे वेगवेगळ्या कामांतले पाच जण असले की ऐकणारे आपापली माणसे घेऊन येतात. वेळ तिन्हीसांजेची नको, त्याआधी संपेल अशी ठेवली तर बायकांना जमते.

कथेचे अभिवाचन वेगळ्या दिवशी. मिनिटाला ११५ शब्दांच्या आसपास वाचले जाते, म्हणजे अडीच हजार शब्दांच्या कथेला बावीस मिनिटे. त्यापेक्षा लांब कथा बसून ऐकली जात नाही. प्रताधिकार कायद्यात प्रकाशित साहित्यातला वाजवी उतारा जाहीरपणे वाचायची मुभा आहे. अख्खी कथा वाचायची असेल तर लेखकाची परवानगी घ्यावी. अंकाच्या संपादकांमार्फत विचारले की लेखक बहुधा आनंदाने हो म्हणतात, आणि त्यांचे दोन ओळींचे उत्तर वाचनाआधी वाचून दाखवले की श्रोत्यांना फार बरे वाटते.

मुलांचे दहा अंक जानेवारीत पत्र्याच्या पेटीतून शाळांकडे जातात, एका शाळेत पंधरा दिवस. पेटीत यादी दोन प्रतींत ठेवायची, एक शिक्षकांच्या सहीने परत घ्यायची. मुलांना घरी न्यायला मिळाले पाहिजे हे आधीच बोलून घ्यावे, नाहीतर अंक जपून ठेवण्याच्या काळजीने पेटी कपाटातच राहते.

२० फेब्रुवारीनंतर नेलेला अंक फक्त तीन दिवसांसाठी. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी सगळे अंक पुन्हा टेबलांवर येतात आणि सभासद चिठ्ठीवर आपल्या आवडीचे तीन क्रमांक लिहून देतात. पुढच्या वर्षीच्या पाच-दहाची यादी यातून आणि कार्डांच्या मोजणीतून ठरते. अनामत मूळ पावती घेऊनच परत करावी. पावती हरवली असेल तर साध्या कागदावर सही घेऊन स्थळप्रतीला जोडावी, तोंडी देऊ नये.

मार्चमध्ये मंडळाचा ठराव घेऊन अंक नोंदवहीतून कमी करतो. प्रत्येक नावाची सर्वांत धड प्रत संग्रहासाठी बांधणीला, मुलांचे अंक शाळांना, आणि दुबार प्रती निम्म्या किमतीत विक्रीला. विक्रीला वीस प्रती राहतात, शाळांनी परत केलेल्या फाटक्या वगळून. त्यांचे जे तीनेक हजार येतात ते वेगळ्या पावतीने योजनेच्याच खात्यात जमा होतात आणि गणपतीत विक्रेत्याला द्यायच्या आगाऊ रकमेला लागतात.